इच्छेचं परिमाण

ईबेवर बोली लावताना दोन आकडे असतात. एक सगळ्या जगाला दिसतो, दुसरा फक्त आपल्याला. दिसणारा आकडा म्हणजे त्या घडीची किंमत. न दिसणारा म्हणजे आपण जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहोत तो. तो चौकटीत टाइप करायचा आणि बाजूला व्हायचं. पुढे यंत्रच आपल्या वतीने बोली चढवतं, तीही गरजेपुरती. समोरच्याची कमाल २० डॉलर असेल आणि आपण ४० लिहिलेले असतील, तर किंमत २० डॉलर ५० सेंटांवर येऊन थांबते. आपण ४० पर्यंत गेलो असतो हे कुणाला कळत नाही. विकणाऱ्यालाही नाही.

ही युक्ती ईबेने शोधलेली नाही. टपालतिकिटांचे विक्रेते १८९३ च्या सुमारासच बंद पाकिटातून बोल्या मागवत, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला तिकीट देत आणि पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबाने घेत. कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम व्हिक्री यांनी १९६१ साली गणिताने दाखवलं की असा नियम असला म्हणजे लपवाछपवी करून काही हाती लागत नाही. कमी लिहाल तर परवडणारी वस्तू हातची जाईल, जास्त लिहाल तर न परवडणारी गळ्यात पडेल. तेव्हा मनात असेल तेच लिहावं. या कामाला १९९६ साली नोबेल मिळालं, आणि जाहीर झाल्यावर तीन दिवसांत व्हिक्री गेले. बक्षीस हातात घ्यायलाही राहिले नाहीत.

मी सांगलीचा. आमची हळदीची खरेदीपेढी. घरात दिगंबर जैन रीत. नाद ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा. व्हिक्रींचं म्हणणं पेढीवर बसणाऱ्याला पटायला वेळ लागत नाही. त्यांच्या गणिताशी माझं भांडण नाही. गणित मांडण्यापूर्वी ते जे धरून चालले आहेत, तिथे मी अडतो. वस्तूचं मोल माणसाच्या मनात आधीच ठरलेलं आहे आणि ते खरं सांगायचं की खोटं एवढाच प्रश्न उरला आहे, असं ते धरतात. माझा अनुभव वेगळा आहे. मोल मनात बसलेलं नसतं, लिलाव चालू असताना ते वाढत जातं. मग चौकटीत खरं म्हणून काय लिहायचं?

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियनच्या तबकडीचं उदाहरण घ्या. खाँसाहेब आमच्या शेजारच्या मिरजेचे. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनात गेले, पण दफन मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांनी ओडियनसाठी जे गाऊन ठेवलं, ते घराघरांत पोचलं. नंतर कोलंबियाच्या लेबलावरही पुन्हा निघालं. म्हणजे ही दुर्मीळ चीज नव्हे. दुर्मीळ आहे ती न झिजलेली प्रत. लोकांनी ती इतकी वाजवली, आणि लोखंडी सुईने वाजवली, की सूर खरखरीच्या मागे गेला. ज्यांनी प्रेम केलं त्यांनीच ती संपवली. नावडत्या गवयाच्या तबकड्या बाजारात कोऱ्या करकरीत मिळतात.

अशा तबकडीची बोली लावण्यापूर्वी काय बघायचं, ते कुणीही जुना संग्राहक सांगेल. विकणाऱ्याने दिलेला दर्जा एक-दोन पायऱ्या खाली धरायचा. ‘ई’ म्हटलं असेल तर ‘व्ही प्लस’ समजायचं. दिव्याखाली तिरपा धरून काढलेला फोटो मागायचा, कारण सरळ फोटोत झीज दिसत नाही. कडेचा कपरा उडाला असेल तर तो गाण्याच्या खाचेपर्यंत गेलाय का ते विचारायचं. केसाएवढा तडा असला तर प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ होणार, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. विकणारा दोन खोक्यांत बांधून पाठवेल का, हे तर आधीच. लाखेची तबकडी वाटेत फुटते, आणि मग आपण किती हुशारीने बोली लावली याला काही अर्थ राहत नाही. डाकखर्चही कमाल आकड्यातच धरायचा. बारा डॉलरच्या तबकडीला तीस डॉलर डाक लागते आणि हौशी माणूस बारा डॉलरला मिळाली म्हणून सांगत सुटतो.

तर हे सगळं बघून मी त्या ओडियनसाठी ४७ डॉलर ६३ सेंट लिहिले होते. सेंट विचित्र ठेवायचे ही जुनी सवय. बहुतेक लोक गोल आकडे लिहितात, आणि ४७.५० वाल्याला तेरा सेंटांनी मागे टाकता येतं. कॅलिफोर्नियात रविवारी संध्याकाळी सातला संपणारा लिलाव त्यांच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सोमवारी सकाळी साडेसातला संपतो. पेढी उघडायची असते, थोरली बहीण अक्का बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, अभिषेक आटोपून आलेली असते. किंमत एकतीसवर होती, माझ्या नावावर. सातच्या सुमाराला कुणीतरी बोली लावली आणि पडद्यावर ४८.६३ आलं. मी मागे पडलो होतो.

त्या ४८.६३ कडे नीट बघा. शंभर डॉलरांच्या आत, पंचवीसच्या वर, बोलीची पायरी एक डॉलरची असते. म्हणजे माझा आकडा अधिक एक डॉलर. ज्याला हे ठाऊक आहे त्याला माझी कमाल सेंटासकट कळली. आणि त्याची कमाल? ती पन्नास असेल, पाचशे असेल. हरणाऱ्याची इच्छा किती होती हे लिलाव चारचौघांत सांगतो, जिंकणाऱ्याची किती होती हे तो कधीच सांगत नाही. हा बारकावा मला फार दिवस छळत होता. बाजारभाव म्हणून आपण जो उद्या एकमेकांना सांगणार, तो ज्याला वस्तू मिळाली नाही त्याच्या मनाचा भाव असतो.

उरलेल्या अर्ध्या तासात मला ती तबकडी सत्तरला हवी झाली. आदल्या रात्री शांतपणे बसून लिहिलेला ४७.६३ खोटा नव्हता, आणि आता वाटणारे सत्तरही खोटे नव्हते. मधे काय घडलं? तबकडी तीच, फोटो तेच, माझ्या खात्यातली शिल्लक तीच. तारांकित नावाच्या कुणा परक्या माणसाला ती हवी आहे एवढंच नवीन कळलं होतं. त्यात थोडी माहितीही असते म्हणा. त्याला काही ठाऊक असेल जे मला नाही. पण सत्तरातला मोठा वाटा माहितीचा नव्हता. मी बोली वाढवली नाही. तबकडी ४८.६३ ला गेली. आणि तरी मला हे सांगता येत नाही की माझं ‘खरं’ मोल दोहोंपैकी कुठलं. व्हिक्रींच्या प्रमेयाला इथे उत्तर नाही, कारण त्यात माणूस लिलावाच्या आधी आणि नंतर एकच असतो.

हे अण्णांना, माझ्या वडिलांना, न शिकता कळलेलं होतं. हळदीच्या सौद्याला निघण्यापूर्वी ते नमुन्याची हळकुंडं मोडून गाभ्याचा रंग बघत, नखाने खरवडत, आणि कोटाच्या आतल्या खिशातल्या वहीत प्रत्येक ढिगापुढे एक आकडा लिहीत. सौदा चालू झाला की वही उघडायची नाही. भाव त्या आकड्याच्या वर गेला की ते पुढच्या ढिगाकडे चालू लागत. एकदा मी विचारलं, ढीग चांगला होता तर दहा रुपयांनी का सोडलात? म्हणाले, “तो आकडा मी लिहिलाय. वरचे दहा ओरडणाऱ्यानं लिहिलेत.” अण्णांनी अर्थशास्त्र वाचलं नव्हतं. पण मोल माणसाच्या कुठल्या वेळचं धरायचं, एकटा असतानाचं की गर्दीतलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता मिटवलेला होता.

ईबेवरचे मुरलेले लोक हेच दुसऱ्या वाटेने करतात. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहायचं आणि मग आपली एकच बोली टाकायची. अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली यावर एक निबंध छापला. तेव्हा ॲमेझॉनवरही लिलाव होत, आणि तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आणखी दहा मिनिटं वाढे. ईबेवर घड्याळ म्हणजे घड्याळ. साहजिकच शेवटच्या क्षणाची बोली ईबेवर कितीतरी जास्त दिसली, आणि अनुभवी माणसांकडून जास्त. त्यातही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात. जुन्या वस्तूंमध्ये जाणकाराची बोली हीच बातमी असते. मी एखाद्या तबकडीवर चार दिवस आधी पन्नास डॉलर लावले, तर माझं पारखणं मी फुकट वाटलं.

मग आमच्या घरात प्रश्न निघाला की असं शेवटपर्यंत गप्प राहणं ही माया आहे का. जैनांच्या भाषेत माया म्हणजे कपट. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, आणि लिलावात चारही एकाच वेळी हजर असतात. बोली मागे पडली की क्रोध, जिंकली की मान, हवं असून नको असल्यासारखं बसणं ही माया, आणि लोभ तर या सगळ्याचं भांडवल. अक्का म्हणाली, “मांजरासारखं दबा धरून बसायचं आणि शेवटी उडी मारायची, ह्याला काय म्हणतात रे?” मी माझी बाजू मांडली. मी कुणाला खोटं सांगत नाही. माझा आकडा आदल्या दिवशीच ठरलेला आहे, फक्त तो दाखवत नाही. न दाखवल्यामुळे समोरच्याची तहान मी वाढवत नाही आणि तो माझी वाढवू शकत नाही. लपवणं आणि फसवणं एक नव्हे. मुनीसुद्धा मनातलं सगळंच बोलून दाखवत नाहीत.

हे बोलणं मला आजही पटतं, पण पुरतं पटत नाही. शेवटच्या सेकंदाची बोली टाकणाऱ्या सेवा हल्ली पैसे घेऊन मिळतात. आकडा देऊन ठेवा, बाकी ते बघतात. एकदा ती लावून मी अक्काबरोबर सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसलो. दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. लिलाव त्याच वेळात संपणार होता. हात मोकळे, डोळे मिटलेले, बोली यंत्र लावणार, कर्ता मी नाही. दिसायला हे इतकं निष्काम की गीतावाल्यांनाही हेवा वाटावा. पण सामायिकाच्या दोषांत मन भलतीकडे लावणं हा दोष सांगितलेला आहे, आणि माझं मन अमेरिकेतल्या घड्याळावर होतं. यंत्राने हात सोडवले, तेवढेच.

अक्काने स्वतः एका चातुर्मासात परिग्रहपरिमाण घेतलं. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं हे पाचवं. त्याला इच्छापरिमाण असंही म्हणतात. मुनींनी सगळंच सोडायचं, गृहस्थाने हद्द ठरवायची. शेत इतकं, सोनं इतकं, लुगडी इतकी, भांडी इतकी. त्याच्या वर मिळालं तरी आपलं म्हणायचं नाही. तिच्या वहीत तिच्या नथीपासून पितळी घंगाळापर्यंत सगळं मांडलेलं आहे. बाहेरच्या माणसाला हा व्यापाऱ्यांचा धर्म हिशेबी वाटतो. असेलही. पण मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. आकडा आधी सांगायचा, साक्षीसमोर सांगायचा, आणि मोह समोर नसताना सांगायचा. अण्णांच्या कोटातली वहीही तीच, ईबेची चौकटही, एका अर्थी, तीच.

एका अर्थीच. कारण व्हिक्रींची चौकट विचारते, तुला किती हवं आहे? व्रत विचारतं, तू किती हवं होऊ देणार आहेस? पहिल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येतं असं धरलं आहे. दुसऱ्याचं उत्तर सापडत नाही, ते बांधावं लागतं. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रह वस्तूत नाही, आसक्तीत आहे असं सांगून ठेवलंय. मग आसक्तीला आकडा कसा लावणार? पंडित लोक म्हणतात की आकडा बाहेरच्या वस्तूंना लागतो, आतलं हळूहळू वळतं. मला उलट वाटतं. आकडा सांगेपर्यंत आत नेमकं किती आहे हे आपल्यालाही ठाऊक नसतं. तोंडातून बाहेर पडला की मग त्याच्याशी झटापट सुरू होते, आणि ती झटापट म्हणजेच व्रत.

आकडा मोठा सांगून सुटका करून घेता येते, हेही खरं. श्वेतांबरांच्या उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची गोष्ट आहे. महावीरांपुढे त्याने मर्यादा घेतली ती अशी: चार कोटी सुवर्ण खजिन्यात, चार कोटी व्याजावर, चार कोटी घरसंसारात. प्रत्येकी दहा हजारांचे गायींचे चार कळप. पाचशे नांगर. म्हणजे जे होतं तेच. एक गाय कमी केली नाही. लहानपणी प्रवचनात हे ऐकून मला हसू यायचं. आता येत नाही. ज्याच्याकडे सगळं वाढत चाललं आहे त्याने आजच्या आकड्यावर बोट ठेवून ‘एवढंच’ म्हणणं सोपं नाही. वाढीवर जगणाऱ्या माणसाला थांबणं हाच तोटा.

अक्काच्या पाठोपाठ मीही तबकड्यांपुरती हद्द घेतली. तीनशे. तेव्हा कपाटात दोनशे सत्तरच्या आसपास होत्या, म्हणजे मी आनंदापेक्षा सैल निघालो. हद्द जवळ येऊ लागली तसे प्रश्न सुचायला लागले, आणि काय एकेक सुचतात! माझा भाचा न्यू जर्सीत असतो. अमेरिकेतली खरेदी आधी त्याच्याकडे जमते आणि कुणी येणारं असलं की सामानातून येते. त्याच्या कपाटातल्या मोजायच्या की नाहीत? एका पाकिटात दोन आल्या तर? आल्बमचा संच एक की सहा? अक्काला विचारलं. ती म्हणाली, “गाभण म्हैस एक का दोन, हे विचारणारा तू पहिला नाहीस.”

खरंच नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या पळवाटा लिहून ठेवल्यात. शेतांची संख्या बांधली असेल तर मधला बांध काढून दोनाचं एक करणं. हद्दीबाहेरचा माल बांधून, सौदा पक्का करून दुसऱ्याच्या घरी ठेवणं. गाय गाभण आहे, पण वासरू जन्मलं नाही म्हणून न मोजणं. दुसऱ्याच्या नावाने देऊन ठेवणं. हे वाचून मला आचार्यांविषयी फार जवळीक वाटली. संग्राहकांना त्यांनी आतून ओळखलेलं आहे. न्यू जर्सीतलं कपाट त्यांच्या यादीत नावानिशी नाही, एवढंच.

चार कषायांतल्या मानाचं एक उदाहरण अमेरिकेतलं सांगतो, कारण ते आमच्या कुठल्याही दृष्टान्तकथेला शोभेल. २००२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या जुन्या बाजारात वॉरन हिल नावाच्या माणसाने एक ॲसिटेट तबकडी ७५ सेंटांना उचलली. ती व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या पहिल्या आल्बमची कच्ची प्रत निघाली, १९६६ सालची. २००६ च्या अखेरीस ती ईबेवर आली आणि किंमत १,५५,४०१ डॉलरवर जाऊन थांबली. जगभर बातमी झाली. मग कळलं, बोली पोकळ होती. पैसे आलेच नाहीत. पुन्हा लिलाव केला, तेव्हा २५,२०० डॉलरला गेली. पंचवीस हजार काही थोडे नव्हेत. पण मधले ते सव्वालाखावर डॉलर म्हणजे नुसती चढलेली झिंग होती, आणि त्या दहा दिवसांत कितीजणांनी आपल्या कपाटातल्या तबकड्यांकडे नव्या नजरेने पाहिलं असेल!

आणखी एक डाव आहे, आणि त्यावर माझं मन अजून बसलेलं नाही. चुकीच्या स्पेलिंगचा शोध. विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे हेच ठाऊक नसतं. करीमचं भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं, किंवा नुसतं ‘जुनं भारतीय संगीत, गारुड्याचं असावं’. नीट नाव टाकून शोधणाऱ्यांना ती तबकडी दिसतच नाही. मी मुद्दाम चुकीची नावं टाकून शोधतो आणि आठ-दहा डॉलरला चांगली प्रत मिळते. ही चोरी आहे का? अचौर्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, आहेत: चोराला उत्तेजन, चोरीचा माल घेणं, खोटी वजनमापं, भेसळ, आणि विरुद्धराज्यातिक्रम. या शेवटच्यात राज्याचे नियम ओलांडणं येतं. ‘जकात वाचवण्यासाठी पार्सलवर भेटवस्तू लिहू का?’ असं विचारणारे विक्रेते भेटतात, त्यांना मी नको म्हणतो, तेवढं सरळ आहे. पण पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी उघडली आणि थबकलो. घडी विस्कटलेल्या राज्यात भारी वस्तू हलक्या किमतीला मिळतात म्हणून तिथे खटपट करणं, असा त्यांचा रोख आहे.

भाच्याचं म्हणणं, जाणकारीचे पैसे मिळाले, यात गैर काय? हळकुंड मोडून रंग ओळखणं हीही जाणकारीच, आणि अण्णा शेतकऱ्याला सांगत नसत की तुझी हळद तुला वाटते त्यापेक्षा चांगली आहे. खरं आहे. पण सौद्यात दुसरे चार खरेदीदार उभे असत, त्यांनाही डोळे होते, आणि शेतकऱ्याच्या अज्ञानाची भरपाई त्यांच्या चढाओढीतून होई. चुकीच्या स्पेलिंगच्या लिलावात मी एकटाच असतो. म्हणजे ज्या गर्दीला मी मघापासून दोष देतो आहे, तिचा हा उपकार मान्य करायला हवा. गर्दी घेणाऱ्याची इच्छा फुगवते, पण देणाऱ्याला राखते. सध्या मी एवढंच करतो: दुसरी एकही बोली नसेल तर विकणाऱ्याला खरं नाव कळवतो आणि मग बोली लावतो. भाचा मला खुळा म्हणतो. काही विक्रेते आभार मानतात, एकाने लगेच वस्तू काढून घेतली आणि दुप्पट सुरुवातीच्या किमतीला परत टाकली. त्याचा तो हक्क.

आणि या सगळ्याच्या मुळाशी लाख. ७८ ची तबकडी म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. पळस, बोर, कुसुंबाच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती खरवडून लाख होते, आणि त्यात किडे मरतात. श्रावकाला निषिद्ध अशा पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य आहे, हस्तिदंताच्या शेजारी. १९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात पहिलं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकड्या छापायला हॅनोव्हरला गेल्या. लाख इथली, गळा इथला, ठसा तिथला. पुढे कलकत्त्यातच कारखाना निघाला. अक्का आयुष्यात लाखेच्या बांगड्या ल्याली नाही. पण हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली की ती माळ थांबवते. मी एकदा लाखेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मेलेत ते नव्वद वर्षांमागं. नवीन मारून आणू नकोस म्हणजे झालं.” लिलावात फक्त जुनंच मिळतं, एवढ्यापुरता माझा नाद निर्दोष ठरला. प्रायश्चित्त देणाऱ्या कुठल्याही महाराजांपुढे हा निवाडा टिकेल असं मला वाटत नाही.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी खालच्या खोलीत आलं. लाखेला पाण्याचं फारसं काही होत नाही, कागदाला होतं. बऱ्याच तबकड्यांची लेबलं सुटून आली. पुसून वाजवल्या, आवाज होता तसा. पण लिलावाच्या लेखी त्यांचं मोल शून्य, कारण त्या कुणाच्या हे पटवून देता येत नाही. त्या मी तीनशेत धरायच्या की नाही, यावर मात्र मी अक्काला विचारलं नाही. धरल्या.

आता तीनशे भरल्यात. म्हणजे नवी एक यायची तर जुनी एक जायला हवी, आणि त्यामुळे बोलीची रीतच पालटली. आकडा लिहिण्यापूर्वी मी कपाटातून जाणारी तबकडी काढून बाहेर ठेवतो. डॉलर पुन्हा मिळवता येतात, ही गेली की गेली. पुष्कळदा ती लावून ऐकतो आणि लिलाव सोडून देतो. क्वचित बोली लावतो, आणि तेव्हाचा आकडा आधीपेक्षा खूप कमी असतो. व्हिक्रींना हे कसं मांडता आलं असतं कोण जाणे. माझी कमाल आता पैशांत नाहीच, दुसऱ्या एका गाण्यात आहे.

काढलेल्या तबकड्या मिरजेच्या एका तरुण शिक्षकाला देतो. विकत नाही. परत मागायच्या नाहीत असंही स्वतःला बजावून ठेवलंय, नाहीतर हेमचंद्रांच्या यादीत मी बसलोच. त्याच्याकडे चाळीसएक जमल्यात. त्याने कुठलीही हद्द घेतलेली नाही. परवा आला तो ईबेवर खातं कसं उघडायचं हे विचारायला. खातं उघडून दिलं. सध्या त्याला फोटोवरून झीज ओळखायला शिकवतोय.